आश्लेषाच्या माडावरचा कॅमेरा

काळशेत पोलीस दूरक्षेत्र, जि. रायगड
दिनांक ११/१२/२०२५, दुपारी ३.२० पासून

जबाब

मी सौ. अनुसूया मार्तंड दातार, वय ६६ वर्षे, धंदा : निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सध्या नारळ-सुपारीची वाडी, राहणार खालची आळी, मौजे काळशेत, समक्ष सांगते की, मला पोलिसांनी बोलावलेले नाही. मी आपल्या पायांनी आले आहे. हवालदार श्री. जीवन म्हात्रे यांनी मला प्रथम "आजी, तुम्ही घरी जा, तुमचं नाव तक्रारीत नाही" असे सांगितले. माझे नाव तक्रारीत नाही हीच माझी तक्रार आहे. तसेच मला आजी म्हणू नये, बाई म्हणावे, असे मी सांगितले व ते त्यांनी मान्य केले.

मी वरील पत्त्यावर यजमान मार्तंड दातार, वय ७२, यांच्यासह राहते. घरात तिसरे कोणी नाही. आमच्या वाडीत एक्केचाळीस माड असून पोफळी तीनशेच्या घरात आहेत. माडांवर चढून नारळ काढण्याचे काम अठ्ठावीस वर्षे सदाशिव ऊर्फ सदू बाळाजी शिगवण, वय ५७, हाच करतो. तो पायात दोरीचा फास घालून चढतो. माडाला पायऱ्यांसाठी कोयत्याने खाचा पाडत नाही, म्हणून मी त्यालाच बोलावते. आज सकाळी अकरा वाजल्यापासून तो या दूरक्षेत्राच्या बाहेरच्या बाकावर चौकशीसाठी बसून आहे. त्याच्यावर कॅमेरा चोरल्याचा व मोडल्याचा आळ आहे. तो आळ खोटा आहे. काय घडले ते मी क्रमाने सांगते.

आमच्या वाडीच्या दगडी गडग्याबाहेर आळीचा रस्ता आहे. रस्त्यापलीकडे समुद्राच्या बाजूला मोकळी जागा आहे. जागेचे मालक मुंबईला असतात. त्यांनी ती या दिवाळीत किनारा पार्किंग सर्व्हिसेस या कंपनीला भाड्याने दिली. जागा त्यांची आहे, त्यांनी ती कोणालाही द्यावी, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. दिवाळीचे वीस दिवस मी व यजमान माणगावला नणंदेकडे होतो, तेथे माझ्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. परत आलो तेव्हा समोर तारेचे कुंपण व पत्र्याची केबिन झालेली होती. आणखी काय झाले होते ते मला त्या वेळी दिसले नाही. डोळ्याला काळा चष्मा होता.

आमच्या आळीत ज्याच्या घरी नारळ काढायचे असतात, तो आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवतो. त्या सकाळी माडाखालच्या गाड्या समोरच्या मोकळ्या जागेत नेऊन लावायच्या, कारण नारळ पत्र्यावर पडला तर टप चेपतो आणि डोक्यावर पडला तर बोलायलाच नको. गाडीची चावी पडवीतल्या खुंटीला असते. ज्याला जमेल त्याने चावी घ्यायची, गाडी हलवायची, काम झाले की आणून लावायची. कोणी कोणाला विचारत नाही. ही पद्धत मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची आहे. तेव्हा गाड्या नव्हत्या, बैलगाड्या हलवायचे.

दिनांक १/१२/२०२५ रोजी सोमवारी सदू नारळ काढायला आला. शेजारचा रिक्षावाला निकेश याने सकाळी आठच्या सुमारास आमची मारुती समोरच्या जागेत नेऊन लावली. फाटकाचा दांडा वर होता, केबिनला कुलूप होते, दराचा फलक लावलेला नव्हता. निकेशला ही जागा आता पैशाची झाली हे ठाऊक होते, पण नारळ काढायच्या दिवशीही पैसे पडतात असे त्याला वाटले नाही. मलाही वाटले नसते. साडेअकराला काम झाले, निकेशने गाडी परत आणली व चावी खुंटीला लावली. तेव्हापासून गाडी आमच्या अंगणातून हललेली नाही. डोळ्यामुळे मला चालवायची मनाई आहे आणि यजमानांना मी चालवू देत नाही.

त्या दिवशी सदूने चहा घेतला नाही. अठ्ठावीस वर्षांत तो चहा न घेता गेलेला नाही. मी विचारले तर म्हणाला, "नको बाई, आज मन न्हाय." मला वाटले घरी काही भांडण झाले असेल. त्याचे कारण मला सहा दिवसांनी कळले.

दिनांक ६/१२/२०२५ रोजी आमच्या फाटकावर कंपनीचा छापील कागद चिकटवलेला आढळला. त्यात आमच्या गाडीचा नंबर असून सहा दिवसांचे पार्किंग व दंड मिळून ५,४०० रुपये भरावेत, न भरल्यास चाकाला कुलूप लावण्यात येईल, असा मजकूर होता. गाडी माझ्या अंगणात, कागदही माझ्याच फाटकावर. गाडी आत उभी आहे हे दिसत असूनच तो चिकटवला असणार. मी तो कागद सोबत देत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केबिनवर गेले. तेथे मॅनेजर कुलदीप, पूर्ण नाव माहीत नाही, पनवेलकडचा, वय अंदाजे तीस, हा हजर होता. मी त्याला म्हणाले, गाडी माझ्या दारात आहे, चल बघायला. तो मोबाईलवरून डोके वर न काढता म्हणाला, "आंटी, सिस्टीममध्ये गाडी अजून अंदरच आहे. इन झालीय, आउट झालीच नाय." मी म्हणाले, बरं, मग अंदर दाखव. तो उठला, माझ्याबरोबर सगळ्या जागेतून फिरला. दोन मोटरसायकली व पुण्याची एक मोठी गाडी होती. आमची गाडी नव्हती. तो परत खुर्चीत बसला आणि म्हणाला, "सिस्टीममध्ये आहे ना पण." मी पस्तीस वर्षे मुलांना शिकवले आहे. दोन आणि दोन पाच म्हणणारी मुले पाहिली, पण फळ्यावर चार लिहून दाखवल्यावरही पाचच म्हणणारा हा पहिलाच.

मी त्याला कॅमेऱ्यातले १ तारखेचे चित्र दाखवायला लावले. त्यात सकाळी ८.१० ला आमची गाडी आत जाताना स्वच्छ दिसते. ९.०५ नंतर पडद्यावर नुसती झावळी आहे. ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आहे. म्हणजे नारळ काढताना सुकी झावळी सुटून कॅमेऱ्यावर अडकली व त्यामुळे गाडी बाहेर पडताना दिसली नाही. ही झावळी सदूने मुद्दाम टाकली असा कंपनीचा आरोप आहे. त्याबद्दल मी नंतर सदूला विचारले. तो म्हणाला, "झावळी कुठं पडायची त्ये मी ठरवत न्हाय, बाई." हे खरे आहे.

पण मला एक कोडे पडले. आमच्या वाडीतली झावळी त्यांच्या कॅमेऱ्यावर कशी? मी विचारले, तुझा कॅमेरा आहे कुठे? कुलदीपने हात वर करून दाखवले. कॅमेरा आमच्या माडावर होता.

तो माड वाडीच्या दक्षिण कोपऱ्यात आहे. बुंधा गडग्याच्या दोन हात आत असून शेंडा रस्त्यावर झुकलेला आहे. जमिनीपासून बारा फुटांवर, रस्त्याकडच्या अंगाला, लोखंडी पट्टी चार खिळ्यांनी ठोकून कॅमेरा बसवला होता. आम्ही माणगावला असताना बसवला. घरातून तो दिसत नाही. मी त्या कोपऱ्यात रोज पाणी घालायला जाते, पण आतल्या बाजूने. वर मान करून पाहायला डॉक्टरांनी बंदी केली होती. ऑपरेशन नसते तर दुसऱ्या दिवशीच दिसले असते. मला याचा फार राग आला आहे, कॅमेऱ्याचा आणि माझाही.

हवालदारांनी विचारले की, एका माडाचे एवढे काय, एक्केचाळीस आहेत. त्यावर सांगते की, हा माड ६ फेब्रुवारी १९९१ रोजी आमची मुलगी आश्लेषा हिच्या बारशाच्या दिवशी यजमानांनी लावला. आमच्याकडे मूल झाले की माड लावतात. आश्लेषा नवव्या वर्षी तापाने गेली. रात्रीपासून पाऊस होता, म्हसळ्याला जाणारा रस्ता बंद होता. याहून जास्त या जबाबात लिहायचे कारण नाही व कोणी विचारू नये. त्या माडाचे नारळ आम्ही विकत नाही. आळीतल्या मुलांना देतो.

माडाला साल नसते. आंब्याला घाव बसला तर चार वर्षांत भरून येतो, माडाचा भरत नाही. भोक पडले की जन्मभर राहते. त्यातून सोंड्या भुंगा आत शिरतो, अंडी घालतो, आणि शेंड्याने मान टाकेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. म्हणून सदू खाचा पाडत नाही, म्हणून आम्ही माडाला कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा बांधत नाही. या लोकांनी चार इंची खिळे ठोकले. खालच्या दोन खिळ्यांतून तांबूस रस गळून सुकला होता. मी शिडीवर चढून हात लावून पाहिला. डॉक्टरांची बंदी मोडली हे मान्य आहे.

त्याच संध्याकाळी मी सदूच्या घरी गेले. त्याला कॅमेरा आधीच दिसला होता. १ तारखेला तो त्याच माडावर चढला होता. मी म्हणाले, मग बोलला का नाहीस, तोंड शिवलं होतं का? उत्तर त्याची बायको बायजा हिने दिले, "बाई, ह्यांना वाटलं तुमी भाड्यानं दिला. त्या दिवशी घरी आले ते जेवलेच न्हायत." चहा का घेतला नाही ते मला तेव्हा समजले. अठ्ठावीस वर्षे ओळखणाऱ्या माणसाला असे वाटावे याचे मला वाईट वाटले. मी त्याला शिव्या दिल्या. त्याने ऐकून घेतल्या.

दिनांक ८/१२/२०२५ रोजी मी कंपनीला लेखी पत्र दिले की, कॅमेरा व खिळे एका दिवसात जाणत्या माणसाकडून काढून घ्यावेत, तोपर्यंत पैशाचे बोलू नये. कुलदीपने पत्र वाचले, पोच द्यायला नकार दिला आणि म्हणाला, "पहले पेमेंट क्लिअर करा आंटी, मग बघू. आणि तसं पण ते झाड आमच्या एक्झिटला आडवं येतंय. जानेवारीत तोडायचंच आहे." मी म्हणाले, कोणाचं झाड? तो म्हणाला, आमच्या प्लॅनमध्ये आहे. मी तिथून निघाले, कारण आणखी थांबले असते तर आज वेगळ्या कारणासाठी इथे असते.

९ तारीख मी वाट पाहण्यात घालवली. दिनांक १०/१२/२०२५ रोजी सकाळी ७.३० वाजता मी सदूला बोलावून कॅमेरा काढायला सांगितले. सदू म्हणाला, "बाई, पोलिसांत जातील ती मान्सं." मी म्हणाले, जाऊ देत, मी आहे. माडावर चढण्यापूर्वी "माड चढतोय होऽ" अशी तीनदा आरोळी देतात, म्हणजे खालून जाणारे बाजूला होतात. ती आरोळी मी स्वतः दिली. सगळ्या आळीने ऐकली. सदूने पट्टी सोडवून कॅमेरा टोपलीत ठेवला व दोरीने खाली सोडला. मी तो धरला, यजमानांच्या पंच्यात गुंडाळला आणि केबिनमध्ये कुलदीपच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्याला एक ओरखडा नव्हता, दिवा लुकलुकत होता. मी पोच मागितली. त्याने दिली नाही, पण "आंटी, आता बघाच" असे म्हणाला. चोर चोरलेली वस्तू मालकाच्या टेबलावर पंच्यात गुंडाळून नेऊन देत नाही. मोडला असेल तर टेबलावर ठेवल्यानंतर मोडला असेल, त्याची चौकशी त्या टेबलापाशी करावी.

हवालदारांनी या ठिकाणी "संतापाच्या भरात" असे शब्द लिहिले होते. ते मी खोडायला लावले आहेत. संतापाच्या भरात काही झालेले नाही. दोन दिवस विचार करून, लेखी कळवून, आरोळी देऊन केले आहे. संताप होता, तो अजूनही आहे, पण तो वेगळा.

आज मी दुपारी एक वाजता येथे आले तेव्हा कुलदीप आवारात उभा होता. त्याने मला बाजूला घेऊन सांगितले की, ५,४०० रुपये भरा व एका कागदावर सही करा, मी सदूचे नाव लगेच मागे घेतो, अर्ध्या तासात तो घरी. पैसे माझ्याकडे होते. घरून निघताना मी ते पाकिटात घालून आणले होते. सदू बाकावरून उठून माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "बाई, भरून टाका ओ. बायजाला कुनी सांगितलं न्हाय मी हितं हाय. पोलीस ठाण्याची पायरी मी कधी चढलो न्हाय." पन्नास फुटांवर चढायला हा माणूस भीत नाही. मी पाकीट उघडले होते हे खरे आहे व ते लिहावे.

मग मी कागद वाचला. त्यात माफी होती, ती मी मागितली असती, माझे काय जाते. पण खाली लिहिले होते की, सदर माड हा कंपनीच्या हद्दीत असून त्याच्या देखभालीचा व तोडण्याचा अधिकार कंपनीस आहे, याबाबत माझी हरकत नाही. सदूला वाचता येत नाही. मी त्याला ते वाक्य वाचून दाखवले. त्याने कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "मग नको. बसतो मी." आणि परत जाऊन बाकावर बसला.

तो बसला म्हणून मी पाकीट बंद केले. आणि तो बसू नये म्हणून हा जबाब देत आहे. माझे सांगणे असे की, माड माझा आहे, माडावरचा कॅमेरा काढायचे मी ठरवले, मी सांगितले म्हणून सदू चढला. त्याची त्या दिवसाची मजुरी मी दिली आहे. त्याने चोरी केलेली नाही, नासधूस केलेली नाही, खोटे बोललेला नाही. गुन्हा असेल तर तो माझा आहे आणि तो माझ्या नावावर लिहावा. मला वयाची सवलत नको. हवालदार म्हणाले की, बाई, असे बोलाल तर अडचणीत याल. मी म्हणाले, लिहा.

पार्किंगच्या रकमेबाबत : गाडी साडेतीन तास त्यांच्या जागेत होती, त्या साडेतीन तासांचे जे होतील ते फलकावरच्या दराने मी द्यायला तयार आहे, फलक लावल्यावर. सहा दिवसांचे देणार नाही. सहा दिवस गाडी माझ्या अंगणात होती आणि तेच सहा दिवस त्यांचा कॅमेरा माझ्या माडावर होता.

पुराव्याबाबत : कंपनीने विचारले आहे की, कॅमेरा मी काढायला लावला हे कसे सिद्ध करणार. कॅमेऱ्यातच आहे. सदू मागच्या अंगाने चढला, तो दिसणार नाही. १० तारखेचे शेवटचे चित्र काढावे. खाली टोपली धरून, वर तोंड करून जी उभी आहे ती मी आहे. काळा चष्मा मी मुद्दाम काढून ठेवला होता.

सदूने माडातून काढलेले तीन खिळे मी या कागदाबरोबर जमा करीत आहे. त्यांचा पंचनामा करावा. चौथ्याचे डोके तुटले, तो आत राहिला आहे. भोकांना आम्ही कडुनिंबाची पेंड व माती भरली आहे. माड जगेल की नाही हे सदूला विचारले. तो म्हणाला, पुढचा पावसाळा गेला की सांगतो. यजमानांना खिळ्यांचे मी सांगितलेले नाही. पोलीस वाडीत पाहणीला आले तर त्यांनीही सांगू नये, मोजमाप घ्यायला आलो असे सांगावे. एवढी विनंती आहे. बाकी सगळ्या जबाबात विनंती नाही.

हा जबाब हवालदार श्री. जीवन म्हात्रे यांनी मी बोलले तसा लिहिला व मला मोठ्याने वाचून दाखवला. "झाड" असे लिहिले होते तेथे दोन ठिकाणी मी "माड" करून घेतले आहे. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही करा असे सांगितल्यावर मी सांगितले की, आधी सदूला घरी पाठवल्याची डायरीत नोंद करा, मला दाखवा, मग सही करते. साहेबांना फोन लावण्यात आला. नोंद ५.४० वाजता झाली, ती मी वाचली. सदूला चहा देण्यात आला, तो त्याने घेतला. तो फाटकातून बाहेर पडून निकेशच्या रिक्षात बसेपर्यंत मी दारात उभी होते. रिक्षा गेल्यावर आत येऊन सही केली आहे.

सही/-
अनुसूया मार्तंड दातार

समक्ष,
जीवन म्हात्रे, पोलीस हवालदार, काळशेत दूरक्षेत्र
सोबत : कंपनीचा छापील कागद १, खिळे ३